दिवसाचे दोन कप

सकाळी सहाला एक कप चहा आणि दुपारी चारला एक टंबलर कॉफी. माझा दिवसाचा रतीब एवढाच. तीन वर्षं झाली याला.

त्याआधी किती प्यायचे तेही मला नक्की माहीत आहे, कारण मोजलं होतं. हडपसरला एका कंपनीत मी अकाउंट्सला आहे. चोवीस वर्षांची नोकरी, त्यामुळे आकडा दिसला की टिपून ठेवायची सवय अंगात मुरलेली. डॉक्टरांनी विचारलं, "चहा किती होतो दिवसाचा?" मी म्हटलं, "होतो तीन-चार." ते म्हणाले, "आठवडाभर लिहून आणा." लिहिलं. घरचे दोन धरून रोजचे सात, आणि मार्च एंडिंगच्या शेवटच्या दोन दिवसांत अकरा-अकरा.

हिमोग्लोबिन ९.१ होतं. जिना चढताना धाप लागायची, रात्री छातीत जळजळायचं, आणि दोन्हीचं खापर मी वयावर फोडलं होतं. डॉक्टरांनी मग विचारलं, "जेवल्यावर चहा किती वेळाने घेता?" वेळाने कसला, डब्याला झाकण लागायच्या आधी मशीनचा कप हातात असायचा. त्यांनी समजावून सांगितलं की चहातली टॅनिन्स पालेभाजीतलं, डाळीतलं, नाचणीतलं लोह बांधून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत. मला फार वाईट वाटलं ऐकून. पहाटे उठून निगुतीने मेथी निवडायची, भाजी करायची, डब्यात न्यायची आणि वरून चहा ओतून तिचं सत्त्व वाया घालवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहा-कॉफी मिळून दिवसाला दोन कप, तेही जेवणापासून तासभर लांब, असं ठरलं.

पहिले चार दिवस डोकं ठणकत होतं. दोन्ही कानशिलांवर कुणी अंगठे दाबून धरल्यासारखं. कॅफिन एकदम कमी केलं की असं होतंच, आठवड्यात उतरेल, असं डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून तग धरला. सातव्या दिवशी डोकं हलकं झालं. त्याच दिवशी ऑफिसात सकाळचा कप घ्यायला मशीनपाशी गेले, बटणावर बोट ठेवलं आणि मनात आलं, दिवसाला दोनच मिळणार असतील तर त्यातला एक इथे का घालवायचा? त्या कपातला निम्मा चहा तर रोजच कीबोर्डच्या डाव्या बाजूला गार व्हायचा, वर साय धरायची, आणि तो बेसिनमध्ये जायचा. मी बोट काढून घेतलं आणि जागेवर येऊन बसले. आज हे लिहिते आहे ते त्या बोटामुळे.

सकाळचा चहा आता मी माझ्या आईच्या पद्धतीने करते. माझं माहेर गडहिंग्लजचं. आई म्हणायची, चहा शिजवायचा नसतो, मुरवायचा असतो. लग्नानंतर घाईघाईत सगळं एकत्र उकळायची सवय लागली होती ती सोडायला मला महिना लागला.

बाल्कनीत गवती चहाची कुंडी आहे. त्याची पात खुडताना हात बुंध्याकडून टोकाकडे न्यायचा. उलटा फिरवला तर कडेचे बारीक काटे बोट चिरतात, दिसत नाही पण पाण्यात हात घातला की झोंबतं. दोन पाती घ्यायच्या, धुवायच्या, दुमडून त्यांची गाठ मारायची. गाठ मारली की गाळण्यात गवत अडकत नाही, चिमट्याने अख्खी उचलता येते. गाठ आवळताना पात मोडते आणि तिथून लिंबासारखा वास सुटतो. माझी सकाळ त्या वासाने सुरू होते, अजून दिवासुद्धा लावलेला नसतो.

दोघांसाठी दीड कप पाणी. आलं अंगठ्याच्या पेराच्या निम्मं, खलबत्त्यात नुसतं चेचलेलं. आलं कायम आधणाच्या पाण्यातच उकळायचं, दुधात कच्चं टाकायचं नाही. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं, पाण्यात खळखळून उकळलं की त्याचा जोर जातो. आईला एन्झाइम हा शब्द माहीत नव्हता, पण "आल्याला आधी कढ येऊ दे गं" हे ती न चुकता सांगायची. गुळाचं तसंच. आमच्याकडे पाहुण्यांना साखरेचा आणि घरच्यांना गुळाचा चहा असायचा. गूळ आई गॅस बंद केल्यावर कपात घालायची, उकळत्या दुधाच्या चहात कधी नाही. कोल्हापुरी गूळ असला तरी तो उकळत्या दुधाशी भांडतोच.

आधण खळखळलं, साखर विरघळली की दोन सपाट चमचे पूड, एकच उकळी, गॅस बंद, वर ताटली. दूध शेजारच्या शेगडीवर वेगळं तापतं. मग चार मिनिटं काहीच करायचं नाही.

या चार मिनिटांत मी ओट्याशी नुसती उभी असते. मोबाइल आतल्या खोलीत. पहिल्या पंधरवड्यात हात शिवशिवायचे. काहीतरी पुसावं, कालची भांडी लावावी, कणीक तरी भिजवावी असं वाटायचं. आता ताटलीवरच्या वाफेचे थेंब कडेकडेने कसे गोळा होतात ते बघते. खाली दूधवाल्याची सायकल लागते, समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक मुलगी अभ्यासाला उठलेली असते, तिच्या खोलीतला दिवा दिसतो. ताटली उचलली की पाणी तांबूस-काळं झालेलं असतं आणि पूड तळाशी बसलेली असते, फुगून दुप्पट झालेली.

त्या पुडीविषयी पूर्वी मला काहीच माहीत नव्हतं. आपण घरोघरी जो दाणेदार चहा वापरतो तो सीटीसी. क्रश, टेअर, कर्ल. पान चिरडायचं, फाडायचं, गोळी वळायची. १९३०च्या सुमाराला आसामात ही यंत्रं आली. आपल्या दुधाच्या चहाला रंग आणि कडकपणा येतो तो यामुळे. अख्ख्या पानाला पाण्यात उलगडायला वेळ लागतो, हे बारीक दाणे झटकन सुटतात. म्हणजे ज्या चहाला मी आता चार मिनिटं देते तो मुळात घाईसाठीच घडवलेला आहे. तरी चार मिनिटांनी चव बदलते, हे मी शपथेवर सांगेन. एका मिनिटाचा चहा जिभेच्या टोकाला लागतो, चार मिनिटांचा टाळ्याला. त्यापुढे ठेवला तर मात्र तुरट होतो.

पाण्याचाही भाग असतोच. माझी बहीण सोलापूरला बोअरच्या पाण्याचा चहा करते, तिच्या कपावर पातळ तवंग येतो आणि रंग मळका दिसतो. पाण्यातल्या क्षारांमुळे होतं ते. पुड्या ती मी घेते त्याच दुकानातून नेते. आम्हाला खडकवासल्याचं पाणी मिळतं, हे भाग्य मला तिच्याकडे चहा पिऊन कळलं.

नवरा कप घेऊन पेपर वाचतो, मी बशीत ओतून पिते. बाबा तसंच प्यायचे. ओसरीवर उकिडवे बसून, बशी दोन्ही हातांच्या बोटांवर तोलून, फुंकर न घालता. शेवटची बशी मला द्यायचे, तळाशी थोडा गूळ राहिलेला असायचा.

रविवारी घरी चहा नसतो. त्या दिवशीचा कप आम्ही बाहेर, एका जुन्या अमृततुल्यात पितो. आम्ही गुरुवार पेठेत राहतो. सासरचा वाडा पडून तिथे इमारत झाली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चालत निघालं की वाटेत पंचहौद मिशनचं चर्च लागतं, त्याच्या उंच मनोऱ्यातल्या घंटा रविवारी आमच्या घरापर्यंत ऐकू येतात. त्या आवारावरून जाताना मला दर वेळी १८९०चा तो चहा आठवतो. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली, त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे कुणाला जातीबाहेर टाकायचं याचा वाद, पेटलं. मिशनऱ्यांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्ताचा वाद कितीतरी दिवस चालला. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं. त्यांच्या घरच्या बायकांना त्या दिवसांत काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. एका कपाने इतकी माणसं इतके दिवस जागी ठेवली, आणि मी अकरा कप प्यायले तरी त्यातला एकही मला आठवत नाही.

अमृततुल्यात पितळी पातेलं शेगडीवर, मालक समोरच मांडी घालून. पुण्यातल्या या दुकानांची मूळ मंडळी राजस्थानातून आलेली, पण त्यांचा चहा आता पुण्याचाच. वेलदोडा-आलं एकत्र कुटायचा ठेका, मग फडक्यातून गाळलेली धार. इथे दूध, साखर, पूड सगळं एकत्रच उकळतं, माझ्या आईच्या नियमांत काहीच बसत नाही, आणि तरी तो चहा पहिल्या घोटाला थेट पोटात दिवा लावतो. त्याला मी नाव ठेवणार नाही. उभ्याने प्यायचा, पण सावकाश. काचेच्या छोट्या ग्लासाची वरची कड पकडून.

आता चारच्या कॉफीविषयी. लिहायला बसले ते खरं म्हणजे हिच्यासाठीच.

कॉफी सासूबाईंची. त्या तंजावरच्या. मराठीच, पण तंजावरच्या मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे राज्य स्थापन केलं, त्या काळापासून पुढे जी मराठी घरं तिकडे जाऊन राहिली त्यांतलं एक घर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझे सासरे रेल्वेत होते, नोकरीच्या सुरुवातीला मद्रासला, तिथे कुणीतरी हे स्थळ सुचवलं. १९६४ साली लग्न होऊन सासूबाई गुरुवार पेठेतल्या वाड्यात आल्या. ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून पितळी फिल्टर आणला होता. तोच अजून आहे.

वाड्यात कॉफी म्हणजे दुधात पूड आणि साखर घालून उकळलेली, वर जायफळ किसलेलं. मला ती आवडते. परीक्षेच्या दिवसांत माझी आई रात्री करून द्यायची आणि जायफळाने मी पुस्तकावरच पेंगायचे. पण सासूबाईंना ती कॉफी वाटेचना. एकत्र घर, तीन जावा, आजेसासूबाईंचा करडा कारभार. नव्या सुनेने स्वतःपुरतं काही वेगळं करून प्यावं अशी तिथे सोय नव्हती. दुपारी दोन ते चार सगळा वाडा झोपायचा. चारला नळाला पाणी यायचं आणि परत धावपळ सुरू व्हायची. मधल्या त्या वेळात त्यांनी फिल्टर लावायला सुरुवात केली. तीनला लावायचा, पावणेचारला मागच्या दाराच्या पायरीवर बसून प्यायची, टंबलर विसळून फडताळात मागे ठेवायचा. पाणी यायच्या आत. साठ वर्षं झाली, वाडा गेला, पाणी चोवीस तास आलं, पण कॉफीची वेळ तीच राहिली.

मी या घरात १९९८ साली आले. पंचवीसेक वर्षं चार वाजता मी हडपसरला असायचे. सुट्टीच्या दिवशी त्या एक टंबलर माझ्या हाताशी आणून ठेवायच्या, मी इस्त्री करता करता प्यायचे. "छान झालीये हं आई," असं म्हणायचेही. बघितलं मात्र कधी नाही, त्या कशी करतात ते.

दोन कपांचं ठरलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "आई, दुसरा कप तुमच्याबरोबर. मला शिकवा." त्या म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात? बसायला ये."

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत दांडीवाली छत्री, वर झाकण. आधी गरम पाण्याने विसळून कोरडा करायचा. वरच्या भांड्यात तीन चमचे पूड, शिगेला टेकलेले. सासूबाई चमचे मोजतात ते तमिळमध्ये, ओठातल्या ओठात. "ओण्णु, रेंडु, मूणु." बाकी सगळा हिशेब मराठीत, किराण्याचा, दुधाचा, व्याजाचा, पण कॉफीचे चमचे कायम तमिळ. पूड छत्रीने दाबायची ती तान्ह्याला थोपटावं इतपतच. उकळलेलं पाणी गॅसवरून उतरवून क्षणभर थांबायचं आणि छत्रीवर गोल गोल सोडायचं. पूड फुगते, तिच्यातून बुडबुडे येतात, एक ओलसर, मातीसारखा वास येतो. झाकण लावायचं आणि ओट्यापासून दूर व्हायचं. पंचवीस मिनिटं तरी.

कान देऊन ऐकलं तर थेंब ऐकू येतात. सुरुवातीला थेंब रिकाम्या पितळेवर पडतो, त्याचा आवाज टणक, कोरडा. मग खाली डिकाशन, म्हणजे कॉफीचा काळा अर्क, साठत जातं तसा तो मऊ होतो, खोल जातो. सासूबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून नुसत्या आवाजावरून सांगतात, "अजून बोटभर व्हायचंय." मी झाकण उचलून बघितलं तर तेवढंच असतं. मला हे अजून जमलेलं नाही. रिकामा आणि भरलेला एवढा फरक कळतो, मधलं काही कळत नाही.

पुडीत वीस टक्के चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफिन नसतं. ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे डिकाशन सावकाश गळतं आणि दाट होतं. सासूबाईंच्या लेखी चिकोरीशिवायची कॉफी म्हणजे मिठाशिवायची आमटी. याउलट त्यांचा नातू, माझा मुलगा, बंगळूरुला नोकरीला आहे, तो चिकोरी नसलेली काळी कॉफी पितो, बिनसाखरेची. सुट्टीला आला की दोघं एकमेकांच्या कपातला एक घोट घेतात, माना हलवतात आणि आपापला कप परत घेतात.

दूध एकदाच तापवलेलं, साय नसलेलं. साखर टंबलरच्या तळाला, मग डिकाशन, मग वरून दूध. आणि मग टंबलरमधून डबऱ्यात, डबऱ्यातून टंबलरमध्ये, हात लांबवत न्यायचा. मराठीत डबरा म्हणजे खड्डा, आमच्या घरात डबरा म्हणजे टंबलरखालची पसरट वाटी. तीन-चार फेऱ्यांत वर बोटभर फेस येतो. कुंभकोणमच्या डिग्री कॉफीचा त्यांना फार अभिमान. दुधाचा कस लॅक्टोमीटरने मोजून घ्यायचे म्हणून ती डिग्री, असं त्या सांगतात.

शिकायला लागल्यावर दुसऱ्या महिन्यात, जुलैतली गोष्ट. पूड दळून घेताना मीच "जरा बारीक" म्हणाले होते, आणि दाबलीही जास्त. पाणी ओतलं, झाकण लावलं, अर्धा तास झाला, एक थेंब नाही. वरचं भांडं तसंच भरलेलं. मी चमचा घेऊन पूड टोकरायला निघाले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "राहू दे. हलवलंस तर गाळ उतरेल. बस."

बसले. बाहेर पाऊस. दिवे गेलेले. एक तास वीस मिनिटं आम्ही त्या फिल्टरसमोर बसून होतो.

त्या तासाभरात त्यांनी मला सांगितलं की तंजावरला त्यांची आजी कच्च्या बिया आणून घरीच भाजायची, लोखंडी कढईत, रोजच्या रोज लागतील तेवढ्याच. भिंतीला ठोकलेल्या हातयंत्रात दळायचं काम यांचं, शाळेला जायच्या आधी. हँडल उंच होतं म्हणून पाटावर उभं राहून दळायच्या. तमिळ पंचांगातल्या आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, कावेरीला नवं पाणी आलं की, सगळं घर नदीकाठी जायचं. डब्यांत चिंचेचा भात, नारळाचा भात, दहीभात. पाण्याला हळदकुंकू वाहायचं. लग्न होऊन पुण्याला यायला निघाल्या तेव्हा स्टेशनवर वडील काहीच बोलले नाहीत, फक्त पुडीचा डबा हातात दिला. तो डबा त्यांनी चार महिने पुरवला. शेवटी शेवटी एक चमचा घालायच्या, नुसत्या वासासाठी.

पंचवीस वर्षं एका घरात काढली आम्ही. तो पुडीचा डबा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

पहिला थेंब पडला तेव्हा दोघींनी एकदमच मान वळवली. डिकाशन इतकं दाट उतरलं की दुधात पडल्यावर त्याचा रंग वर यायला वेळ लागला. साडेपाच वाजून गेले होते. कॅफिनचं निम्मं प्रमाण अंगातून उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून चारनंतर कॉफी नाही असा माझा नियम होता. तो त्या दिवशी मोडला, आणि रात्री दीडपर्यंत जागी होते. जागी राहून पावसाचा आवाज ऐकत होते आणि त्या पाटावर उभ्या राहिलेल्या मुलीचा विचार करत होते.

गेल्या वर्षी मी कंपनीत आठवड्याचे तीनच दिवस मागून घेतले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पगार त्या प्रमाणात कमी झाला. घराचं कर्ज फिटलेलं, मुलगा कमावता, तीन रात्री वही घेऊन बसले आणि हिशेब बसवला. प्रत्येकीला हे जमेल असं नाही, मलाही दहा वर्षांपूर्वी जमलं नसतं. ऑफिसच्या दिवशी माझा दुसरा कप नसतोच. मशीन अजून तिथेच आहे, पण तिचा कप घेण्यापेक्षा मला तो सोडलेला बरा वाटतो. संध्याकाळी घरी आले की ओट्यावर फिल्टर धुऊन उपडा घातलेला असतो आणि सासूबाई सांगतात, आज दूध पातळ होतं, आज चांगली उतरली होती.

दीड वर्षापूर्वी, डिसेंबरात, आम्ही त्यांना चिकमगळूरला घेऊन गेलो. रेल्वेने बिरूरपर्यंत, पुढे गाडीने, मुलगा बंगळूरुहून तिकडे आला. कारण एकच. पंचाहत्तर वर्षं कॉफी पिणाऱ्या या बाईने कॉफीचं झाड कधी बघितलं नव्हतं. तंजावर म्हणजे भाताचा मुलूख, कॉफी तिकडे डब्यातूनच यायची. बाबा बुडन नावाच्या सूफी संताने येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि इथल्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. त्या डोंगराला आजही बाबाबुडनगिरी म्हणतात. उंच सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झुडपं, ओकच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, फांद्यांना चिकटून लाल फळं. तोडणी चालली होती. बायका कमरेला पिशव्या बांधून फक्त पिकलेली फळं तोडत होत्या, हिरवी मागे ठेवत होत्या.

एकीने सासूबाईंच्या ओंजळीत पाच-सहा फळं दिली. त्यांनी एक दाबलं, तोंडात टाकलं. "गोड आहे गं!" म्हणाल्या, आणि खरंच गर गोडसर असतो, बुळबुळीत, पातळसा. तोंडातून दोन बिया काढून त्यांनी तळहातावर ठेवल्या, सपाट बाजूला सपाट बाजू लावून. मग दुसरं फळ, तिसरं. चौथ्यात एकच बी निघाली, गोल, वाटाण्यासारखी. ती पीबेरी. काही फळांत दोनऐवजी एकच बी धरते, ती वेगळी निवडून विकतात. त्यांच्या वडिलांच्या डब्यात पीबेरीच असायची. नाव आयुष्यभर घेतलं, अर्थ तिथे कळला. ती बी त्यांनी रुमालाच्या टोकाला बांधून पुण्याला आणली. देवघरात एका वाटीत आहे.

या उन्हाळ्यापासून त्यांचे हात थरथरतात. त्र्याऐंशी वय. चमचे अजून त्याच मोजतात, पण पाणी मी ओतते, आणि डबऱ्यातून टंबलरमध्ये फेस आणायचं कामही माझ्याकडे आलं आहे. "अजून वरून," त्या म्हणतात. मी हात आणखी उंच नेते. कधी सांडते, त्या पदराने ओटा पुसतात.

भरलेला टंबलर त्यांना आता पेलत नाही. म्हणून मी अर्धाच भरते. उरलेली कॉफी गरम राहावी म्हणून पातेल्यावर ताटली ठेवते आणि त्यांच्याशेजारी येऊन बसते. त्या हळूहळू पितात, मध्येच थांबून खिडकीबाहेर बघतात. पहिला अर्धा संपला की काही न बोलता टंबलर पुढे करतात.